घाटातली ठकठक

“इंजिन खोलायचं की नाही, एवढंच सांगा चाचा.”

याकूबचाचा बाकड्यावर बसून पान्याला लागलेलं ग्रीस चिंधीनं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“गाडी कुणाची?”

“शेलारांची. हेळवाकचे. येष्टीत ड्रायव्हर होते.”

“शेलारांचं काय म्हणणं?”

या प्रश्नाचा रोख दिगंबर शिगवणला कळला नाही. आजार गाडीचा, औषध मेस्त्रीचं. यात गाडीवाल्याचं म्हणणं कुठून आलं?

कुंभार्ली घाटाचा चढ जिथं सुरू होतो, तिथं शिरगावला रस्त्याच्या कडेला याकूबचाचांची शेड. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. याच जमिनीवर दिगंबर नऊ वर्षं पाठ टेकून गाड्यांच्या पोटाखाली निजला होता. नट आवळण्यापासून इंजिन बांधण्यापर्यंत जे काही त्याच्या हातात आलं, ते इथंच आलं.

मग एक दिवस त्यानं चिपळुणात स्वतःचं गॅरेज काढलं. गाडी उचलणाऱ्या दोन लिफ्ट, तपासणीचं मशीन, हाताखाली सहा माणसं. निघताना तो चाचांना म्हणाला होता, की आता कानानं आणि हातानं ओळखायचे दिवस गेले, आता मशीन सांगतं.

चाचा फक्त “जा” म्हणाले होते.

त्याला पाच वर्षं झाली. आज तो आला तोही आपणहून नव्हे. धोंडीराम शेलारांनी अट घातली होती, की गाडी उद्या देतो, पण खोलायच्या आधी एकदा याकूबभाईंच्या कानावर घाला. हे ऐकून दिगंबरच्या कपाळावर आठी चढली होती. पण शेलार वयानं मोठे, बोलायला मऊ. नाही म्हणवेना. शिवाय मनात त्याची खात्री होती. चाचा ऐकतील, मान हलवतील, आणि आपलंच खरं ठरेल.

शेलारांची जुनी छोटी पेट्रोलची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. शेलार स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मागच्या सीटवर त्यांची बायको, हौसाबाई, अंगावर शाल घेऊन आडवी झाली होती. मंगळवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला चिपळूणला न्यावं लागे. आज शुक्रवार होता. चार तास मशीनवर पडून ती नुकतीच बाहेर आली होती.

दिगंबरनं केस सांगायला घेतली. डॉक्टर सांगतात तशी, एकामागून एक.

चढाला पिकअप घेताना गाडी ठकठक करते. सपाटीला नाही, उभी असताना नाही, फक्त घाटात. पेट्रोल वेळेआधी पेटलं की पिस्टनवर असा घाव बसतो, म्हणून त्यानं आधी टाकी रिकामी करून दुसरं पेट्रोल भरलं. पंधरा दिवसांनी शेलार परत आले. मग प्लग बदलले, ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतलं. शेलार पुन्हा आले. कार्बोरेटर खोलला, साफ केला. शेलार तिसऱ्यांदा आले, आणि येताना मोबाईलवर आवाज भरून घेऊन आले.

“आता राहिली आतली बेअरिंग,” दिगंबर म्हणाला. “इंजिन उतरवून खोलल्याशिवाय इलाज नाही. आठ दिवस लागतील.”

आठ दिवस म्हणजे दोन-तीन डायलिसिस. येष्टीच्या पायरीवर हौसाबाईंचा पाय चढत नव्हता. हे शेलारांनी त्याला सांगितलं होतं, पण दिगंबरनं चाचांना सांगितलं नाही. ते इंजिनाबद्दल नव्हतं.

“तू ऐकलास आवाज?” चाचांनी विचारलं.

“मोबाईलवर.”

“गाडीत?”

दिगंबर थोडा अडखळला. “तीनदा ट्रायल घेतली. घाट चढून आलो. माझ्या हातात वाजत नाही.”

“हं...”

“वाजत नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, चाचा. एकेक गाडी तशी असते.”

“मग कुणाच्या हातात वाजते?”

दिगंबर हसला. शेलारांनी बत्तीस वर्षं याच घाटात येष्टी चालवली होती. एक अपघात नाही, खात्यानं छातीवर बिल्ला लावला होता. त्यांना गाडी कशी चालवायची हे विचारायला आपली जीभ रेटणार नाही, असं त्यानं सांगितलं.

चाचांनी पाना खाली ठेवला आणि उठले. त्यांचे गुडघे कुरकुरले. दिगंबर पुढं होऊन बॉनेट उचलायला गेला.

चाचांनी बॉनेटवर तळवा ठेवला.

“राहू दे.”

“बघायचं नाही?”

चाचा गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मागचं दार त्यांनी हळूच उघडलं. सीटवर एक उशी होती, तिचा अभ्रा घरून धुऊन आणलेला. पायाशी पाण्याची छोटी बाटली. हौसाबाईंचे डोळे मिटलेले, कोपराखाली पांढरी पट्टी.

चाचा क्षणभर तिथंच उभे राहिले. मग दिगंबरकडं वळून म्हणाले, “तू इथं बस. भाभींच्या पायाशी. मी पुढं बसतो.”

“मी? मी मागून माझी गाडी घेऊन येतो ना.”

“बस.”

नऊ वर्षांत ज्या सुरात हा शब्द ऐकला होता, त्याच सुरात तो आला. दिगंबर मुकाट्यानं अंग चोरून सीटच्या कडेला बसला. शेलारांनी मागं वळून तो नीट बसला का ते पाहिलं, बायकोच्या पायावरची शाल सारखी केली, आणि गाडी सुरू केली.

पहिली दोन वळणं सुरळीत गेली. शेलारांचा हात पाहत राहावा असा होता. स्टिअरिंग फिरवतात असं वाटतच नव्हतं, रस्ताच आपोआप वळत होता. खड्डा आला की गाडी त्याच्या बाजूनं पाण्यासारखी निघून जाई.

मग खडा चढ आला.

इथं दुसरा गिअर. हे शिकाऊ पोरालाही कळतं. दिगंबरचा स्वतःचा डावा हात बसल्या जागी नकळत हलला.

शेलारांचा हात हलला नाही. गाडी तिसऱ्यातच राहिली.

वेग कमी होत गेला. इंजिन दबलं. शेलारांनी एक्सलेटर अलगद दाबला... आणि आवाज आला. ठक, ठक, ठकठकठक. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.

दिगंबरला सगळं लख्ख कळलं. वरच्या गिअरात, कमी वेगात, चढावर इंजिन ओढलं जात होतं. ते ठोकणारच. बेअरिंग नाही, प्लग नाही, काही नाही. त्याच्या ओठावर आलंच होतं, “काका, दुसरा टाका.”

पुढच्या सीटवरून चाचांचा हात मागं आला आणि दिगंबरच्या गुडघ्यावर बसला. जड, खरबरीत हात.



दिगंबरची नजर आतल्या आरशाकडं गेली. आरसा रस्त्याकडं नव्हताच. तो खाली वळवलेला होता. त्यात मागचं एकही वाहन दिसत नव्हतं, फक्त सीटवरची उशी आणि हौसाबाईंचा चेहरा. बत्तीस वर्षांचा बिल्लेवाला ड्रायव्हर दर चार क्षणांनी त्या आरशात पाहत होता.

तीनही वेळा ट्रायल घेताना दिगंबरनं गाडीत बसल्याबरोबर पहिल्यांदा तो आरसाच सरळ केला होता.

त्यानं मान फिरवून शेजारी पाहिलं.

हौसाबाईंचे डोळे मिटलेले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या. शालीखाली त्यांची मूठ वळलेली होती. इंजिन ठोकलं की मूठ आवळे, ठोकायचं थांबलं की सैल पडे. ओठ नुसते हलत होते.

आपल्याकडं कुणी पाहतंय हे त्यांना जाणवलं असावं. त्यांनी एक डोळा किंचित उघडला. दिगंबरची आणि त्यांची नजर भेटली.

त्यांनी हलकेच मान हलवली. सांगू नको.

आणि पुन्हा डोळे मिटले.

दिगंबरनं आजवर शेकडो गाड्या खोलल्या होत्या. पण आज पुढच्या सीटवरचं एक आणि मागच्या सीटवरचं एक अशी दोन माणसांची दोन गुपितं एकाच वेळी त्याच्या मांडीवर येऊन पडली होती, आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घाटाच्या मध्यावर एका वळणावर रस्ता रुंद होतो. चाचांनी तिथं गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. इंजिन बंद झालं तसा दरीतला वारा ऐकू येऊ लागला.



“शेलार,” चाचा म्हणाले, “किती दिवस तिसऱ्यात चढवताय?”

शेलारांनी आधी आरशात पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून बोलले.

“पाच महिने.”

“हं.”

“दुसरा टाकला की गाडी लई गुरगुरते, याकूबभाई. दचकून उठते ती. रात्रभर पाय ओढतात, डोळ्याला डोळा न्हाय. मशीनवरनं उतरली की एवढा घाटच काय तो तिला झोपायला मिळतो.” ते थांबले. “मला कळतं इंजिनाला त्रास होतो ते. म्हटलं, हा दिगंबर हुशार पोरगा हाय. तिसऱ्यातच गपगुमान चढंल असं काहीतरी करंल.”

“मग त्याला तसं सांगायचं.”

“ड्रायव्हर माणसानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?”

दिगंबरनं मान खाली घातली. तिसऱ्या वेळी शेलार आले तेव्हा आपण काय बोललो ते त्याला आठवत होतं. मोबाईल काढायच्या आधी तो म्हणाला होता, की काका, तुम्हाला भास होत असेल, वय झालं की होतं असं. शेलार त्यावर फक्त कसनुसं हसले होते.

चाचा मागं वळले.

“दिगू. काय बिघडलंय, सांग.”

दिगंबरकडं उत्तर होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. गिअर, वेग, चढ. चाचांनी शाबासकीही दिली असती. पण त्याच्या डोळ्यांपुढं ती वळलेली मूठ होती, आणि ती हललेली मान होती. सांगू नको म्हणाली होती बाई. न सांगावं, तर पाच महिन्यांचे सहा होणार होते.

तो काही सांगू शकला नाही. म्हणून त्यानं विचारलं. गाडी हाती आल्यापासून पहिल्यांदाच.

“काकी... गाडीत झोप लागते तुम्हाला?”



हौसाबाईंनी डोळे उघडले. पापण्यांवर झोपेचा मागमूस नव्हता. त्या दिगंबरकडं पाहत राहिल्या, रागानं नव्हे, नुसत्याच.

“न्हाय रं बाबा,” त्या म्हणाल्या.

शेलार गर्रकन मागं वळले.

“डोळे उघडे ठेवले की ह्यांचं सुरू होतं,” त्या दिगंबरलाच सांगत राहिल्या. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. “दुखतंय का, थांबू का, पाणी देऊ का. गाडी चालवायची सोडून माझ्याकडंच बघतात. घाटातनं. म्हणून मी डोळे मिटते. झोपली म्हटल्यावर ह्यांच्या जीवाला तेवढीच शांतता. मग ती ठकठक सुरू झाली की मी देवीआईला आळवते, ही गाडी आज मधीच बंद पडू देऊ नको...”

“पाच महिने?” शेलार म्हणाले.

“पाच महिने.”

शेलार दार उघडून खाली उतरले. कठड्यापाशी जाऊन दरीकडं तोंड करून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंडावरून फिरवली, आणि तशीच हातात धरून ठेवली. दिगंबर उठू लागला, तर चाचांनी डोळ्यानंच त्याला बसवलं.

एक ट्रक घोंघावत चढून गेला. त्याच्या पाठीमागं धूळ उडाली आणि बसली.

शेलार परत आले ते मागच्या दाराशी. त्यांनी दार उघडलं. हौसाबाई उठून बसल्या. उशी त्यांनी बाजूला सारली.

“मी पुढं बसते,” त्या म्हणाल्या. “आणि तो आरसा वर करा आधी.”

“अगं, पुढं हादरे...”

“लग्न झालं तवा तुमच्या येष्टीत इंजिनाच्या पेटीला टेकून माहेरी गेले होते मी. कराडपतूर. तो गोंगाट, ती गरम पेटी. सारी बाया-माणसं कानात बोटं घालून बसली होती, आणि मी तिथं झोपले होते. इसरला?”

शेलार विसरले नव्हते. त्यांच्या तोंडावरून ते दिसत होतं.

“दुसरा टाका,” हौसाबाई म्हणाल्या. “सरळ चढवा गाडी.”

शेलारांनी त्यांना हाताला धरून उतरवलं आणि पुढं बसवलं. चाचा मागं दिगंबरशेजारी आले. आरसा वर झाला.

चढाला लागताच शेलारांनी दुसरा गिअर टाकला. इंजिन मोठ्यानं गुरगुरलं, पत्रे थरथरले, आणि गाडी तडफेनं वर निघाली. दिगंबर कान देऊन ऐकत होता. ठकठक नव्हती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. फक्त भरल्या गळ्याचा तो एकसुरी आवाज.

तिसऱ्या वळणावर हौसाबाईंची मान कलली. त्यांचं तोंड किंचित उघडं पडलं, आणि त्या गोंगाटातही ऐकू येईल असा त्यांचा घोरण्याचा आवाज सुरू झाला.

शेलारांनी एकदाच तिकडं पाहिलं. मग रस्त्याकडं.

हेळवाकला पोचेपर्यंत त्या उठल्या नाहीत. अंगणात गाडी लागल्यावरही शेलारांनी त्यांना उठवलं नाही. स्वतः चहा टाकला आणि पाहुण्यांना ओसरीवर बसवलं. दिगंबरनं त्यांना सांगितलं, की पाच महिने दबून चालल्यानं आत काजळी धरली असेल, ती काढायला सोमवारी अर्धा दिवस गाडी द्या. टायमिंग मी उगीच मागं नेलंय, तेही जागेवर आणतो. इंजिन खोलायचं नाही. शेवटी तो म्हणाला, “काका, मागं मी भास म्हणालो होतो...” शेलारांनी त्याच्या हातात कप दिला आणि साखर बरोबर आहे का विचारलं.

उतरायला कराडहून येणारी येष्टी होती. दोघं फाट्यावर येऊन दगडावर बसले. ऊन कलंडलं होतं.

“तुम्हाला आधीच कळलं होतं?” दिगंबरनं विचारलं.

“काय?”

“तिसरा गिअर.”

“नाही रे. उशी दिसली.”

चाचा हातावरचा तेलाचा डाग अंगठ्यानं घासत होते. दिगंबर रस्त्याकडं पाहत होता. पाच वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं, ते कुठल्या टोकानं धरावं हे त्याला उमगत नव्हतं.

“चाचा, मी या रस्त्यानं कितीदा तरी गेलो,” अखेर तो म्हणाला. “महिन्यातून दोनदा-तीनदा. शेडसमोर गाडी हळू करायचो.”

चाचांचा अंगठा थांबला.

“तुम्ही बाकड्यावर आडवे दिसायचा. डोळे मिटलेले. म्हटलं, झोपलेत. कशाला उठवा...”

वळणावर येष्टीचा हॉर्न वाजला. चाचांनी उठण्यासाठी दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उठल्यावरही तो काढला नाही.

“झोपलेलो नसायचो रे.”